तिसरा भाग कुठवर आला?

एका वाचकाचे प्रश्न थोडक्यात असे: माझ्या खानावळीच्या कादंबरीमालिकेचा तिसरा भाग दोन वर्षांपूर्वी येणार होता, तो कुठे अडला? चौथा येणार की नाही? सध्या काय वाचताय? आणि शेवटी त्यांचं स्वतःचं दुखणं. कोयना धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या एका कुटुंबावर ते तीन भागांची कादंबरी लिहीत आहेत. पहिला भाग तयार आहे. तो छापायला द्यावा की तिन्ही होईपर्यंत थांबावं?

आधी हिशेब देऊन टाकते. तिसऱ्या भागाची 43 प्रकरणं ठरली आहेत. त्यातली 31 दुसऱ्या खर्ड्यात आहेत, 5 पहिल्या खर्ड्यात, आणि 7 प्रकरणांची नुसती टिपणं आहेत. दोन वर्षांपूर्वी प्रकाशकांचा फोन आला तेव्हाही मी 31 हाच आकडा सांगितला होता. तेव्हा खोटं बोलले नव्हते, आजही बोलत नाही. मधल्या काळात 11 प्रकरणं काढून टाकली आणि 11 नवी लिहिली, एवढंच. प्रकाशकांनी मात्र त्या 31 वर विसंबून जाहिरात केली, आणि तेव्हापासून कुठेही गेले तरी चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न येतो.

ज्यांनी आधीचे भाग वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडंसं. सगुणा ही मालिकेची नायिका, देवगडकडची. नऊ वर्षांची असताना बापाबरोबर मुंबईत येते आणि 1896 च्या प्लेगात सापडते. पहिला भाग तिथून जुलै 1908 पर्यंत जातो. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, तिथवर. दुसऱ्या भागात ती विधवा आहे आणि लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत गिरणी कामगारांची खानावळ चालवते. 1928 चा सहा महिन्यांचा संप ती जेवणाऱ्यांच्या उधारीवर काढते. तो भाग संपतो 12 डिसेंबर 1930 ला, बाबू गेनू काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीखाली गेला त्या दिवशी. तिसरा भाग 14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटापासून 1 मे 1960 पर्यंतचा. चौथा 1982 च्या संपाचा. पहिला भाग 2012 मध्ये आला, दुसरा 2017 मध्ये.

आता अडलं कुठे, तर दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे, एका वाक्यात.

सगुणा मुलाला बोटीवर बसवायला भाऊच्या धक्क्यावर जाते असा प्रसंग आहे. दिवाळीनंतरचे दिवस, कोकणच्या बोटी भरून चाललेल्या. तिथे मी लिहून गेले: "सतरा वर्षांनी रामदास बोट बुडाली त्या सकाळीही ती याच धक्क्यावर उभी होती, आणि तेव्हाही हाच ओल्या काथ्याचा वास होता." वाक्य लिहून झालं तेव्हा स्वतःवर खूश झाले होते. एका समीक्षकांनी ते परीक्षणात उद्धृतही केलं. असं वाक्य म्हणजे पुढल्या तारखेचा चेक असतो. तो मी 2017 मध्ये फाडून दिला, आणि वटवायची वेळ आली तेव्हा खात्यात काहीच नव्हतं.

कारण तिसऱ्या भागाच्या पहिल्या खर्ड्यात सगुणा 1947 च्या मे महिन्यात गावी जाते. सुनेचं बाळंतपण आहे, तिला जायलाच हवं. पावसाळा तोंडावर आला की कोकणच्या बोटी बंद. त्या सुटायच्या थेट पाऊस ओसरल्यावर. देवगडला गेलेली बाई जुलैत मुंबईला बोटीनं येऊच शकत नाही. आणि रामदास बुडाली 17 जुलैला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ जणांची गल्लत होते. रामदास रत्नागिरी-देवगडला जाणारी नव्हती. ती त्या दिवशी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली होती, म्हणजे बंदरातल्याच फेरीवर, आणि या फेऱ्या पावसातही चालत. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या, त्यामुळे अलिबाग बाजूचे चाकरमानी घरी निघालेले. सकाळी बोट सुटली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे शहराला तासन्‌तास पत्ताच नव्हता. धक्क्यावरून निरोप देऊन परतलेली माणसं कामावर गेली, जेवली, आणि मग कधीतरी बातमी आली.

दुसरा भाग लिहिताना यातलं मला बोटीचं नाव आणि साल माहीत होतं. तेवढ्यावर मी वाक्य ठोकून दिलं.

वाक्य काढून टाकावं हा सल्ला मला तिघांनी दिला. नव्या आवृत्तीत गाळा, कुणाला कळणार आहे? कळतं. मालिकेचा वाचक हा सावकारासारखा असतो, आपण विसरलेली बाकी त्याच्या वहीत असते. शिवाय मलाच ते पटेना. सगुणाच्या बाबतीत मी एकदा छापून सांगितलं की ती तिथे होती, तर ती तिथे होती. मग ती तिथे का होती, हे मला शोधायला हवं.

दोन वर्षं त्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. बाळंतपण चाळीतच केलं. सून देवगडहून मुंबईत आणली, सगुणाला गावी पाठवलंच नाही. चार प्रकरणं लिहिली आणि वाचून पाहिली तर त्यात सगळं होतं, फक्त जीव नव्हता. गावी गेलेली सगुणा हा या भागाचा कणा होता. सतत पन्नास माणसांचा स्वयंपाक करणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा दोन महिने दुसऱ्याच्या चुलीपुढे बसते, तिथेच तर तिला स्वतःचं वय कळतं.

मग तिला घाटावरून आणायचं ठरवलं. देवगडहून सर्व्हिस मोटारीनं फोंडाघाट, वर राधानगरी, तिथून कोल्हापूर, कोल्हापूरहून छोट्या रुळांच्या गाडीनं मिरजेवरून पुणं आणि पुण्यात गाडी बदलून मुंबई. भर आषाढात, साठ वर्षांची बाई, एकटी. मला वाटलं होतं एका परिच्छेदात उरकेल. पण लिहायला बसल्यावर एकेक गोष्ट आडवी यायला लागली. कोल्हापूर तेव्हा संस्थान. मुंबई प्रांतात ते विलीन झालं 1 मार्च 1949 ला. म्हणजे घाट चढली की बाईचं सरकार बदलतं. वाटेत नदीला पाणी आलं म्हणून एक रात्र राधानगरीला कुणाच्यातरी पडवीत काढावी लागते. तिथल्या भाकरीला ती मनातल्या मनात नावं ठेवते आणि तीन खाते. परिच्छेदाचं प्रकरण झालं, प्रकरणाची 19 पानं झाली, आणि आज मला विचाराल तर तिसऱ्या भागातलं सगळ्यात बरं प्रकरण तेच आहे. त्या आगाऊ वाक्यानं गळ्यात बांधलं नसतं तर ते लिहिलंच गेलं नसतं, हेही खरं.

एवढा त्रास काढून ती येते कशाला, हा प्रश्न मात्र तरीही उरला होता. मायेपोटी? कुणाच्या? पुष्कळ दिवस मी तिला कुठल्या ना कुठल्या मायेनं मुंबईला ओढत होते आणि ती काही येत नव्हती. मग एका निवृत्त कामगाराच्या घरी मला एक वही बघायला मिळाली. त्यांच्या आईची, खानावळीच्या उधारीची. बाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशेब दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर जेवणाऱ्याचं नाव, गाव आणि गिरणीतलं खातं: साचेखातं म्हणजे मागांचं, त्रासनखातं म्हणजे सूतकताईचं. खाली महिने. पैसे आले की बाई त्या महिन्यावर हळदीचं बोट उठवायच्या. पिवळं बोट म्हणजे फिटलं. काही पानांवर शेवटचे तीन-चार महिने कोरेच होते, आणि माणसाचं पुढे काय झालं ते वहीत नाही.

त्या वहीनं सगुणा हलली. ती मायेसाठी येत नाही, पैशांसाठी येते. मागे खानावळ भाचीच्या हाती दिलेली, पोरीला वसुली जमत नाही, पोस्टकार्ड येतं की पाच जणांनी तीन-तीन महिने थकवले आहेत आणि त्यातला एक अमावस्येला गावी निघालाय तो परत येईल असं दिसत नाही. रेवसकडचा बदली कामगार, म्हणजे कायम नसलेला, कुणी गैरहजर असेल तेव्हा काम मिळणारा. सगुणा त्याला गाठायला धक्क्यावर जाते.

गर्दीत ती त्याचं मनगट धरते. "तीन म्हयन्यांचा जेवाण जेवलंस, आता खय चल्लंस?" तो शपथा घालतो, आईची, गावदेवाची. बोटीची शिट्टी होते.

पहिल्या खर्ड्यात ती मनगट सोडत नाही, भांडण होतं, बोट सुटते आणि माणूस वाचतो. उधारीनं जीव वाचला. लिहून झाल्यावर मी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत मला लाज वाटायला लागली. असलं गोडगोड आपण दिवाळी अंकात सुद्धा लिहीत नाही. दुसऱ्या खर्ड्यात ती मनगट सोडते. का सोडते हे मी लिहिलेलं नाही. ती एवढंच म्हणते, "जा, पण अमावस्या करून ये." मग ती ट्रामनं लालबागला येते, डाळ निवडायला बसते, आणि बातमी येईपर्यंतचे तास मी पाच पानं नुसते डाळीत काढले आहेत. पुढे वहीतल्या त्या पानावर ती हळदीचं बोट उठवते की नाही, ते पुस्तकातच वाचा.

उरलेली 7 प्रकरणं बहुतेक सगळी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची आहेत आणि ती मला अजून वश झालेली नाहीत. 21 नोव्हेंबर 1955 चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे, हुतात्म्यांचा आकडा पाठ आहे, शेवट तर कॅलेंडरवरच लाल अक्षरात छापलेला असतो. अशा ठिकाणी भाषणं आपोआप लेखणीत शिरतात. मी खानावळीतच बसून तो दिवस लिहायचं ठरवलं, आणि पहिल्याच दिवशी रात्री एक ताट रिकामं राहतं असं दृश्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी खोडलं. ते कुणीही लिहिलं असतं. गोदीच्या स्फोटाच्या वेळीही असाच मोह झाला होता. फोर्ट स्टायकिन जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या लगडी एकत्र होत्या, आणि घराच्या छपरातून सोन्याची लगड पडल्याची गोष्ट मुंबईत प्रत्येकाच्या आजोबांनी सांगितलेली असते. ती मी वापरली नाही. सगुणाच्या चाळीत फक्त काचा फुटतात आणि जळक्या कापसाचा वास येतो.

जुन्या चुकांची कबुली देऊनच टाकते, कारण त्यातच वेळ जातो हे नव्या लेखकांना कुणी सांगत नाही.

पहिल्या भागात, 1908 मध्ये, मी एका पात्राला रातपाळीला पाठवलं. एका निवृत्त वीव्हिंग मास्तरांचं, म्हणजे गिरणीतल्या विणकाम खात्याच्या प्रमुखांचं, पत्र आलं. अत्यंत सभ्य भाषेत त्यांनी विचारलं, बाई, रातपाळी कुठली? विजेचे दिवे आल्यावर मालकांनी तोच कामगार चौदा-पंधरा तास राबवायला सुरुवात केली होती. दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा वेगळ्या पाळ्या सर्रास झाल्या त्या 1930 च्या दशकात. माझ्या डोक्यातली गिरणी ही मी लहानपणी पाहिलेली गिरणी होती, भोंग्याबरोबर एक लोंढा आत आणि एक बाहेर. ती मी पाऊणशे वर्षं मागे नेऊन ठेवली. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती केली, पण त्यासाठी एक प्रेमप्रकरण मोडावं लागलं. रातपाळीशिवाय ती दोघं भेटणार कधी?

दुसऱ्या भागात सगुणा 1928 मध्ये "पस्तिशीची" आहे. 1896 ला नऊ वर्षांची म्हणजे 1928 ला 41. साधी वजाबाकी. ही चूक दहावीतल्या एका मुलीनं दाखवली.

आणि एक चूक माझी नसून झालेली. मुद्रितशोधकांनी "रत्नागिरी जिल्ह्यातलं देवगड" सगळीकडे "सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं" केलं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. शेवटच्या प्रुफात मला दिसलं म्हणून बरं, नाहीतर 1928 च्या संपात माझी पात्रं न जन्मलेल्या जिल्ह्याला मनीऑर्डर पाठवत बसली असती.

आता मी लाल कापडी बांधणीची एक लांब वही ठेवते, किराणा दुकानात असते तशी. प्रत्येक पात्राला एक पान. जन्मसाल, गाव, कुठल्या कानानं कमी ऐकतो, कुणाला काय हाक मारतो, शेवटचं कुठे आणि कुठल्या महिन्यात दिसला. हाक फार महत्त्वाची. दुसऱ्या भागात सगुणाला जेवणारे "मावशी" म्हणतात. तिसऱ्यात नवी पिढी "आजी" म्हणायला लागते, पण 1928 च्या संपातले जुने गडी साठीतही "मावशी"च म्हणतात. एवढ्यावरून कोण किती जुना ते वाचकाला न सांगता कळतं. बोलीचंही तसंच. सगुणा शेवटपर्यंत मालवणी बोलते, मुलगा घरात मालवणी आणि युनियनच्या सभेत प्रमाण, नातीला मालवणी समजतं पण ती उत्तर मुंबईच्या मराठीत देते. चौथ्या भागात मालवणी फक्त भांडणात उरेल.

सध्या काय वाचते, याचं उत्तर दोन ढिगांत आहे. टेबलावरचा ढीग कामाचा आणि उशाशी असलेला स्वतःसाठी.

टेबलावर सगळ्यात वर राजनारायण चंदावरकरांचं 1994 चं इंग्रजी पुस्तक आहे, मुंबईतल्या भांडवलशाहीचा उगम आणि 1900 ते 1940 मधला कामगारवर्ग यावरचं. तिसऱ्यांदा वाचते आहे. पहिल्या वाचनात मी त्यातून फक्त माहिती वेचली होती. या वेळी जॉबरवरचं, म्हणजे गिरणीत माणसं भरती करणाऱ्या मुकादमावरचं, विवेचन नीट वाचलं आणि चपापले. माझा जॉबर म्हणजे ठोकळेबाज खलनायक: दस्तुरी, म्हणजे कामाला लावल्याची लाच, खातो, हवं त्याला कामावर घेतो, नको त्याला हाकलतो. चंदावरकर दाखवतात की जॉबरची सत्ता एवढी सुटी नव्हती. माणसं जमवायची तर त्याला वस्तीत पत लागायची, गाववाले, घरमालक, उधार देणारे दुकानदार, व्यायामशाळा या सगळ्यांशी जमवून घ्यावं लागायचं. म्हणजे जॉबरला खानावळवाल्या बाईचीही गरज होती! तिनं त्याच्या माणसांना उधार जेवू घातलं नाही तर त्याची माणसं टिकणार नाहीत. हे कळल्यावर तिसऱ्या भागातल्या म्हाताऱ्या जॉबरची चार प्रकरणं बदलली. बदललेल्या अकरांपैकी ती चार.

त्याखाली मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास, 2004 मध्ये आलेला. तो मी गोष्टींसाठी वाचत नाही, त्यातल्या गोष्टी ज्यांच्या त्यांच्या आहेत, उचलायच्या नाहीत. मी वाचते ते माणसं कुठे थांबतात आणि विषय कुठे बदलतात ते बघायला. संपाबद्दल भरभरून बोलणारा माणूस घरातल्या भांड्यांवर आला की एका वाक्यात आटोपतं घेतो. संवाद लिहिताना हे कामाला येतं.

गोविंद नारायण माडगावकरांचं 1863 चं मुंबईचं वर्णन माझ्या कथेच्या कितीतरी आधीचं आहे, तरी ते टेबलावरून हलत नाही. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावरांनी 1854 मध्ये काढली. म्हणजे माडगावकर लिहीत होते तेव्हा गिरण्या ही नवलाई होती, आणि शहराकडे बघून थक्क होणारा तो सूर मला नऊ वर्षांच्या सगुणासाठी हवा होता. तिसऱ्या भागाला त्याचा उपयोग नाही. सवय म्हणून चाळते.

उशाशी नारायण सुर्वे. 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 चं, 'माझे विद्यापीठ' 1966 चं, म्हणजे माझा तिसरा भाग संपतो त्याच्या लगेच नंतरची ही भाषा. एका गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून आणून वाढवलेल्या मुलाची. सकाळी लिहायला बसण्याआधी एकच कविता, मोठ्यानं. दोन वाचल्या तर दिवसभर मीच सुर्व्यांसारखं लिहायला जाते आणि ते फार वाईट होतं.

गिरणगावावरच्या दुसऱ्या कादंबऱ्या मात्र लिहीत असताना वाचत नाही. गर्व म्हणून नाही. दुसऱ्याच्या घरची फोडणी आपल्या आमटीला लागते.

आणि इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ. कैरोतल्या एका कुटुंबाच्या त्यांच्या तीन कादंबऱ्या मी दर दोन-तीन वर्षांनी वाचते, या वेळी दुसऱ्या भागात आहे. त्यांचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. आज ज्याला आपण त्रयी म्हणतो ते महफूझनी एकच अवाढव्य पुस्तक म्हणून लिहिलं होतं. एवढं छापणं परवडेना म्हणून ते तीन भागांत आलं, 1956 आणि 57 मध्ये. म्हणूनच त्यात पहिल्या भागात टाकलेली सुपारी तिसऱ्या भागात कातरलेली सापडते. शेवट माहीत असलेल्या माणसानं सुरुवात पुन्हा दुरुस्त केलेली आहे.

माझ्याजवळ ही सोय नव्हती, मी भाग लिहीत गेले आणि छापत गेले. त्याचे फायदेही आहेत. वीव्हिंग मास्तरांचं पत्र, त्या मुलीची वजाबाकी, हळदीच्या बोटांची ती वही, हे सगळं पहिला भाग बाहेर गेल्यामुळे माझ्यापर्यंत आलं. वही दाखवणारे गृहस्थ मुळात माझे वाचक होते. इंग्रज कादंबरीकार ट्रोलप यांनी आत्मचरित्रात सांगितलंय, की क्लबात दोन पाद्री त्यांच्या मालिकेतल्या एका बाईला कंटाळून नावं ठेवत होते, ते ऐकून ट्रोलप उठून त्यांच्याजवळ गेले, आता घरी जाऊन तिला मारतो म्हणाले, आणि हातात असलेल्या पुस्तकातच खरंच मारली. नंतर त्यांना त्याची चुटपुट लागून राहिली. वाचकांचं ऐकावं ते रातपाळीबद्दल, कोण जगणार याबद्दल नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. पहिला भाग आत्ता देऊ नका. तिन्ही भाग पक्के होईपर्यंत थांबा असंही म्हणत नाही, तसं केलंत तर कधीच छापणार नाही. दुसऱ्याचा पूर्ण आणि तिसऱ्याचा कच्चा खर्डा होऊ द्या, अगदी वाईट अक्षरात, संवाद न भरता. मग पहिल्या भागावर परत या. तुम्हाला त्यातली निदान दोन माणसं नको झालेली असतील आणि एक अशी हवी असेल जिला तुम्ही पन्नासाव्या पानावर मारून बसला आहात. ती दुरुस्ती हस्तलिखितात फुकट असते.

कोयनेच्या बाबतीत आणखी एक. तुमच्या कथेत कुठेतरी 11 डिसेंबर 1967 ची पहाट येणार, भूकंपाची. वाचकाला ती माहीत आहे, तुमच्या पात्रांना माहीत नाही. पहिल्या भागात जमिनीच्या पोटातून गुरगुरल्याचे आवाज, म्हातारीला पडलेलं स्वप्न, असलं काही पेरलं असेल तर आजच उपटून टाका. वाचक स्वतःच धसका घेऊन बसलेला असतो, त्याला कोपरानं ढोसायची गरज नाही. त्याऐवजी पंचांग घेऊन बसा. कुठल्या महिन्यात भात कुठे असतं, कुठली वाट पावसात बंद होते, उठवलेल्या गावाला नवीन जमीन कुठल्या तालुक्यात मिळाली आणि तिथे जायला किती दिवस लागले, हे महिन्यामहिन्यानं मांडा. माझी बोट पावसाळ्यात बंद असते एवढं मला वेळेवर सुचलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. आणि "पुढे अमुक वर्षांनी" अशी सुरुवात असलेलं प्रत्येक वाक्य शोधून काढा. एखादं ठेवा हवं तर, पण त्याची नोंद वहीत करा.

चौथ्या भागाचं म्हणाल तर दीड पान लिहून झालं आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो दिवस नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी सगुणाची नात भाजीवाल्याशी कांद्याच्या भावावरून घासाघीस करते तेवढंच. अडीच लाख कामगार दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार आहेत आणि त्याचा त्या दीड पानात उल्लेख नाही. ते तसंच ठेवीन असं वाटतंय. तिसरा भाग येत्या दिवाळीपर्यंत प्रकाशकांच्या हाती देईन. छापून कधी येईल ते त्यांना विचारा, मी आता आकडे सांगणं सोडलं आहे.

जाता जाता एक काम सांगते. घाटावरच्या त्या प्रकरणात सगुणा कोल्हापूरहून निघून पुण्याला उतरते ती वेळ मी सध्या "पहाटे" अशी लिहून ठेवली आहे, अंदाजानं. कुणाच्या घरी माळ्यावर 1947 च्या पावसाळ्यातलं रेल्वेचं टाइमटेबल असेल, निदान कोल्हापूर-मिरज-पुणे एवढं पान, तर त्याचा फोटो पाठवा. वीव्हिंग मास्तरांसारख्या कुणाचं पत्र येण्याआधी ती वेळ नीट करून घ्यायची आहे.